टाकीमागचं स्थळ

न्हाय, मी काय म्हणतो, लपायचंबी काही एक वय असतंय का न्हाय? पाच वर्षांचं पोरगं कणगीमागं लपलं, आई म्हणली, ‘कुठं गेलं गं माझं सोनं?’... शोभतंय! पण तेहतिशीतला बाप्या, दाढीत पांढरे केस डोकवायलेत, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात वजनदार बूट, आन् तो भर दुपारी साखर कारखान्यात टाकीमागं उकिडवा बसलाय, श्वास धरून! कुणापासनं लपायलाय? चोरापासनं? पोलिसापासनं? बायकोपासनं म्हणावं तर ती बी न्हाय! तुम्हाला सांगतो, मशीनपासनं. स्वतःच मांडलेल्या मशीनपासनं! आन् ह्याचा त्याला पगार मिळतोय!

मुरुमचा योगीराज हो. महादेवीबाईंचा एकुलता एक. वडील लवकर गेले, बाईनं शिकवलं, डिप्लोमा झाला, पुण्याच्या कंपनीत लागला. काम काय, तर लेझरनं मोजणी. आता आपल्याकडं मोजणी म्हणलं की साखळी, टेप, आन् बांधावर दोन सख्खे भाऊ एकमेकाची गचांडी धरून. तसलं न्हाय हे. तीन पायाचा स्टँड असतोय, त्याच्यावर चहाच्या थर्मासएवढं मशीन. बटण दाबलं की ते गोल फिरायला लागतंय, चहूकडं लेझर सोडतंय, आन् समोर जे असंल ते ठिपक्याठिपक्यानं टिपून घेतंय. भिंत, पाइप, नटबोल्ट, जळमटं, पारव्याचं घरटं... मग पुण्यात बसून कॉम्प्युटरवर अख्खा कारखाना उभा करायचा, हाय तसा, आन् नवा बॉयलर कुठं बसवायचा, पाइप कुठनं न्यायचे, ते तिथंच ठरवायचं. हुशारीचं काम हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण मशीन चहूकडं बघतंय ना... चहूकडं! मग बटण दाबणारानं जायचं कुठं? तो बी टिपला जाणार की! म्हणून बटण दाबायचं आन् पळायचं. खांबामागं, टाकीमागं, जिन्याखाली. मशीन ‘टुंग’ म्हणलं की बाहेर यायचं, स्टँड उचलायचा, चार हात पुढं मांडायचा, बटण दाबायचं... पळ! दिवसभर हेच! आन् एवढं करून कुठं हेल्मेटची कड दिसली की पुण्याहून सोनाली मॅडमचा फोन.

‘योगीराज, बॉयलर सेक्शनच्या स्कॅनमध्ये कुणाचं तरी कोपर आहे.’

‘माझंच हाय मॅडम.’

‘तुझं असो नाहीतर कुणाचं. नॉइज आहे तो. क्लीन कर आणि पाठव.’

नॉइज! तुम्हाला सांगतो, त्यांच्या भाषेत माणसाला नॉइज म्हणतात. गोंगाट! सकाळपासनं तोंडातनं चकार शब्द न काढता टाकीमागं बसलेला माणूस... आन् म्हणे गोंगाट! भिंत पाहिजे, पाइप पाहिजे, जळमट बी चालंल. समदं पाहिजे, फकस्त माणूस नको!

तर त्या मे महिन्यात त्याला धाडलं ढोकीच्या बाजूला, एका कारखान्यावर. गाळप संपलेलं. हंगामात तिथं काय जत्रा असती म्हणता! उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, टोळ्यांच्या चुली, मळीचा वास, भोंगा... आन् मे महिन्यात? सन्नाटा. पत्रा तापून ‘टक्’ करायचा, पारवा घुमायचा, आन् गेटवर महेबूबचाचा. बस! एवढ्या मोठ्या कारखान्यात जिवंत असे दोघं, त्यातला एक लपलेला!

पण महेबूबचाचा म्हणजे बोलका माणूस. राखणदार हो, पांढरी टोपी, हातात काठी, काठीचा उपयोग फक्त पाठ खाजवायला. हंगाम संपला की त्या बिचाऱ्याला बोलायला कुणी न्हाय. हा पोरगा आला तसा चाचाला ईद झाली! दर थोड्या वेळानं चहा. ‘बेटा, चाय लाया मैं!’ आन् सरळ मशीनसमोरनं! योगीराज टाकीमागनं वरडायलाय, ‘चाचा, बाजूला व्हा! बाजूला!’ चाचाला वाटतंय पोरगं टाकीत पडलं. चाचा आणखीनच पळत येतायत! आता मशीन फिरताना माणूस हलला की तो धड उमटत न्हाय, त्याच्या चिरफाळ्या होतात. त्या दिवशी लॅपटॉपवर चाचा कसे दिसावेत? इथं एक कप, तिथं अर्धी दाढी, मधी काहीच न्हाय, आन् पुढं चार ठिकाणी एकच काठी!

योगीराजनं बसून पुसले समदे. चाचा शेजारीच बसलेले, चष्मा लावून बघायलेत. ‘क्या करता रे?’

‘तुम्हाला काढायलोय चाचा. कंपनीला माणूस चालत न्हाय.’

‘मेरेकू मिटाया?’ चाचांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणले, ‘आन् ते पारव्याचं घरटं?’

‘ते राहू देतात.’

‘हौ?’ चाचांनी काठीनं पाठ खाजवली. ‘फिर तो बेटा, पारवेकूच पगार देने बोल!’

हसला बरं का योगीराज.  पण खोटं काय होतं त्यात? भिंत राहती, घरटं राहतंय... समदं पाहिजे, फकस्त माणूस नको!

आन् एक सांगतो, सवय लई वाईट. हे लपणं त्याच्या अंगातच भिनलं. राहायला ढोकीत एका खाणावळीच्या मागची खोली. जेवायला बसायचा तर कोपऱ्यातल्या टेबलावर, खांबाच्या आड. खाणावळवाला ताट मोजून म्हणायचा, ‘आरं, हे एक ताट कुणाचं?’ मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात फोटोवाला म्हणला, ‘घरचे समदे या स्टेजवर’, तर हा आपोआप मंडपाच्या खांबामागं! अल्बम आला. महादेवीबाई पान उलटायल्या, पान उलटायल्या... ‘आरं, तू आलता का न्हाय लग्नाला?’ आलता की! अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं, नवरीची पेटी गाडीत ठेवली. पण एका फोटोत असंल तर शप्पथ! रोज सांजच्याला आईचा फोन यायचा. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘कोण हाय सोबत?’ ‘हायत की लोकं.’ कुठली लोकं, सांगा मला! खोलीत एक पंखा, एक बॅग आन् पेटीत झोपवलेलं मशीन!

मग लग्नाचं बघायला लागले. आता हल्ली पोरगी मिळायची म्हणजे काय दिव्य हाय ते तुम्हाला ठाऊकच हाय, आन् ह्यात आमच्या धुळाप्पामामांनी पुढाकार घेतलेला. योगीराजचा सख्खा मामा. आवाज असा की अक्कलकोटला बोलले तर उमरग्यात जनावरं उठतील. त्यांनी स्थळांना सांगायला सुरुवात केली, ‘मुलगा लेझर इंजिनिअर हाय!’ एक पाव्हणे म्हणले, ‘असं का? मग आमच्या म्हातारीचा मोतीबिंदू करतील का?’ दुसऱ्या घरची वहिनी पदराआडनं विचारायली, ‘ते तोंडावरचे केस काढतात, तेच का?’ तिसरे म्हणले, ‘मुलगा काय करतो ते राहू द्या, मुलगा राहतो कुठं?’ मामा म्हणले, ‘साइटवर.’ ‘आन् साइट कुठं?’ ‘ते दर महिन्याला बदलतंय.’ झालं! पोहे तसेच, पाव्हणे पसार!

शेवटी तेरचे काशिनाथआप्पा भेटले. किराणा दुकानदार, तराजूसारखा सरळ माणूस. त्यांची थोरली शिवांजली, बीएस्सी झालेली, लातूरला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधी नोकरीला. आप्पा म्हणले, ‘घरी बघायला न्हाय येत मी. घरी समदीच पोरं शहाणी दिसत्यात. कामावर बघणार. ढोकी तर आमच्या शेजारीच हाय. पोरगीला बी संगं आणतो, ती म्हणती मला बी काम बघायचंय.’ मामांनी योगीराजला फोन केला. म्हणजे फोन नसता केला तरी ऐकू गेलं असतं! ‘सोमवारी येणार हायत! कपडे धुऊन ठेव! दाढी कर! आन् तोंड उघडून बोल बरं का, तोंड उघडून!’

सोमवार म्हणले आन् आले कधी? शनिवारी! बघायचं तर न सांगता, हा आप्पांचा दुकानदारी हिशेब.

आता तुम्ही चित्र बघा डोळ्यापुढं. शनिवारची दुपार. पत्र्याखाली भट्टी झालेली. आदल्याच दिवशी मॅडमनी झापलेलं, ‘योगीराज, परत एक माणूस दिसला तर पूर्ण सेक्शन पुन्हा करायला लावेन.’ ह्यानं रसाच्या टाकीजवळ मशीन मांडलं, बटण दाबलं आन् पळत जाऊन टाकीमागं बसला. घामानं बनियन चिकटलेलं, दाढी सोमवारसाठी राखून ठेवलेली! तेवढ्यात चाचांचा आवाज, ‘आओ साब, आओ, अंदरच हाय बच्चा!’ आन् आत कोण? पांढरं धोतर, काळी टोपी, काशिनाथआप्पा. मागं शिवांजली. आकाशी ओढणी, खांद्याला पर्स.

आप्पा बघायलेत. मशीन फिरायलंय, बाकी चिटपाखरू न्हाय. ‘पोरगा कुठाय?’

चाचा म्हणले, ‘इथंच असतो. दिसत न्हाय.’

‘दिसत न्हाय म्हणजे?’

‘लपलेला असतो ना!’

झालं! एवढं ऐकलं आन् आप्पांच्या कपाळाला आठ्या. ‘लपलेला? कशापायी? काय केलंय त्यानं?’ चाचा समजावायला गेले, ते बी उर्दू-मराठीची खिचडी करून, ‘साब, उसका धंदाच छुपनेका है!’ आता सांगा, कुठला बाप ऐकून घेईल हे? आप्पा हाका मारायलेत, ‘योगीराज! ओ योगीराज!’ आन् योगीराज? टाकीमागं! हूं न्हाय की चूं न्हाय! आप्पा टाकीला उजवीकडनं वळसा घालायले, तसा हा उकिडवाच डावीकडं सरकायला. आप्पा थांबले, हा थांबला. आप्पा डावीकडनं आले, हा उजवीकडं! धोतर फिरायलंय टाकीभोवती, हेल्मेट फिरायलंय टाकीभोवती! आन् हेल्मेट खणकन आपटलं पाइपला! आप्पांनी वाकून बघितलं. समोर हा... गुडघ्यावर, घामाघूम, तोंडाला गंज लागलेला. आन् तोंड उघडून काय बोलावं माणसानं?

‘या, बसा.’

टाकीमागं! बसा म्हणे!

आप्पा सरळ झाले. टोपी नीट केली. म्हणले, ‘चल गं शिवांजली.’ आन् गेले. चहा बी न्हाय घेतला. चाचा कप घेऊन गेटपर्यंत मागं मागं, ‘साब, शक्कर कमी डाली... साब!’

मग मामांचा फोन. फोन कानापासनं हातभर लांब धरला तरी, ‘आरं तू नवरदेव हायस का उंदीर?’ योगीराज म्हणला, ‘मामा, मशीन चालू होतं. बाहेर कसा येणार?’ आईचा फोन आला, तिला बी तेच, ‘मशीन चालू होतं आई.’ चाचांनी विचारलं, चाचांना बी तेच. आन् खरंच की, चुकलं काय त्याचं? मॅडम ओरडणार, काम पुन्हा करावं लागणार... समदं पाहिजे, फकस्त माणूस नको! मग हा माणूस बाहेर येईल कसा? मी बी त्याच्याच बाजूनं भांडलो असतो!

दुसऱ्या दिवशी रविवार. खोलीत बसून त्यानं आदल्या दिवसाचं काम लॅपटॉपवर उघडलं. आप्पा होते, म्हणजे चिरफाळ्या होत्या. एक धोतराचा सोगा, पुढं टोपी, पुढं कुणाचाच नसलेला एक कान. चाचांची काठी नेहमीप्रमाणं चार ठिकाणी. पुसलं. आन् मग त्यानं चित्र जरा फिरवलं... तर खांबाजवळ शिवांजली उभी.

अख्खी! तुम्हाला सांगतो, अख्खी! पर्सचा पट्टा, ओढणीची चुणी, कपाळावर आलेली बट... समदं ठिपक्याठिपक्यानं, जिथल्या तिथं. एवढ्या वर्षांत किती कारखाने मोजले ह्यानं, किती पूल, किती पाण्याच्या टाक्या, पण अशी सबंध माणसाची मूर्ती कधी आलीच न्हवती. माणूस हलतोयच ना! ही हललीच न्हवती. त्यानं चित्र फिरवून बघितलं. मागनं काहीच न्हाय, पोकळ. मशीनला समोरची बाजू तेवढी दिसती. समोर पोरगी, मागं अंधार. त्यानं पुन्हा समोरून लावलं आन् बघत बसला. बघता बघता त्याचं त्यालाच अवघडल्यागत झालं. असं बघत बसावं का परक्याच्या लेकीला? तिला ठाऊक बी न्हाय! पुसायला बोट नेलं... पुसवेना. ठेवायला बघितलं... ठेववेना.

मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपणहून फोन लावला. मामांनी पाठवलेल्या माहितीच्या कागदावर तिचाच नंबर होता.

‘हॅलो... मी योगीराज. ते... टाकी...’

‘ओळखलं,’ ती म्हणली. ‘बोला.’

‘न्हाय, ते तुमचं चित्र आलंय मशीनमधी. पूर्ण. म्हणलं, न विचारता कसं... पुसू का?’

 ती म्हणली, ‘नीट आलंय का?’

‘लई नीट. तुम्ही हललाच न्हाईत.’

‘मला वाटलं, हललं की तुमचं काम बिघडतंय. फोटोसारखं असंल. म्हणून श्वास बी धरून उभी राहिले.’

 तुम्हीच सांगा हो, त्याच्या कामासाठी आजवर कुणी श्वास धरला होता? समदं जग, कंपनी, मॅडम म्हणतात ‘बाजूला हो’, आन् ही पोरगी त्याचं काम बिघडू नये म्हणून उकाड्यात खांबागत उभी! तो कसाबसा म्हणला, ‘उलट असतंय ते. हललं की बरं. आपोआप जातंय पुसून.’

ती हसली. मग हसू थांबवून म्हणली, ‘मला तुमचे बूट दिसायलते टाकीखालनं. आप्पांना सांगणार होते. म्हणलं नको, मशीन थांबलं की येतील आपोआप.’

‘मशीन चालू होतं ना,’ योगीराज म्हणला. पाठ झालेलं वाक्य.

‘थांबलं होतं की.’

...

‘टुंग असा आवाज आला. आप्पा हाका मारायच्या आधीच. मी ऐकला. तुम्ही बी ऐकला असंल.’

ऐकला होता! तुम्हाला सांगतो, ऐकला होता त्यानं! मशीन थांबलं होतं, रस्ता मोकळा होता, उठायचं आन् दोन पावलं टाकायची... एवढंच! आन् हा उठलाच न्हाय. मशीन थांबल्यावर बी लपून बसायला त्याला कुठल्या मॅडमनं सांगितलं होतं, सांगा मला? मी इतका वेळ कंपनीला शिव्या घातल्या, लेझरला घातल्या. आता कुणाला घालू?

‘मी थांबलेली होते,’ शिवांजली म्हणली. राग न्हवता बरं का आवाजात. ‘आप्पा तर काय, गाडीत निम्म्या वाटंत निवळले होते. मला विचारायले, तुला काय वाटतंय? पण मी काय सांगणार? मी बघितलंच कुठं तुम्हाला?’

आता बघा! आता! हीच ती वेळ! ‘मग आता बघा’ म्हणायचं, ‘उद्या तेरला येतो’ म्हणायचं, ‘चहा प्यायला येऊ का’ एवढं जरी म्हणला असता! फोनमधनं मागचा मिक्सरचा आवाज यायलाय, कुणाचं तरी बाळ रडायलंय, आन् ती थांबलीय... थांबलीय... म्हणली बी स्वतःहून, ‘आणखी काही?’

आन् हा काय म्हणला?

‘न्हाय, तेवढंच. पुसू ना मग?’

असं वाटतंय ना, फोनमधी हात घालून ह्याचं बखोट धरावं आन् बाहेर ओढावं!

ती म्हणली, ‘पुसा.’ आन् पुन्हा म्हणली, ‘उन्हाचं जपून करा काम.’ फोन ठेवला.

पुसलं त्यानं. पायापासनं सुरुवात केली, बट शेवटी. मग समदं काम गोळा करून पुण्याला धाडलं. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन, आवाजात साखर! ‘योगीराज, वंडरफुल! इतका क्लीन डेटा आजपर्यंत कुणी दिला नाही. सरांनी मीटिंगमध्ये दाखवला. पुढची मोठी साइट तुलाच. सहा महिन्यांची, एकट्याची!’ हा म्हणला, ‘थँक्यू मॅडम.’ समदं पाहिजे, फकस्त माणूस नको... मिळालं की त्यांना, मनासारखं!

त्या सांजेला चाचांनी निरोपाचा चहा दिला. पेटी गाडीत चढली. मुरुमहून आईचा फोन आला, नेहमीचाच. ‘जेवलास का?’ ‘जेवतो आता.’ मग म्हणली, ‘योगी, मामाचं बोलणं मनावर घेऊ नको. तेरची सोयरीक न्हाय झाली, न्हाय झाली. पण मला एक सांग बाळा... मी तर फोटोच बघितलाय. पोरगी कशी होती रे?’

योगीराजनं लई विचार केला. म्हणला, ‘लई चांगली होती आई. अजिबात हलली न्हाय.’

आता ह्यावर त्या माउलीनं काय बोलावं, तुम्हीच सांगा! ती म्हणली, ‘बरं... ताक पीत जा.’